तीन मुठी मीठ

ऑलिव्हसाठी काढून ठेवलेलं जाडं मीठ डब्यात दोन बोटं खाली गेलं होतं. गेल्याच आठवड्यात रफीकाने तो डबा स्वतःच्या हाताने काठोकाठ भरला होता, आणि रफीकाने भरून ठेवलेली वस्तू आपोआप कमी होत नाही हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना म्हणजे तिला आणि तिच्या बाबांना. अम्मारबाबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून एकेका हिरव्या फळावर दगडाचा बेताचा ठोका देत होते. फळ उकलायचं, पण आतली बी फुटायची नाही. ऐंशी उलटलेल्या माणसाचा हात एरवी चहाच्या पेल्याशी थरथरतो, पण ठेचायला बसला की थरथरत नाही, याचं तिला रोज सकाळी थोडं नवल वाटायचं आणि थोडा रागही यायचा.

"बाबा, मीठ कुठं गेलं?"

"तुझ्या पिपात." एक ठोका. "मी टाकलं."

"कुठल्या पिपात?"

"त्या तेलाच्या. सोमवारी तू भजीवाल्यांकडचं तेल आणायला बाब जेब्लीच्या बाजारात गेली होतीस ना, तेव्हा. गढूळ बसलं होतं बिचारं. टाकलं तीन मुठी आणि दिली एक ढवळणी." दुसरा ठोका. "साबणाला आम्ही टाकायचोच की. मिठावाचून खालचं खाली आणि वरचं वर जात नाही पोरी. तू फ्रॉकात होतीस तेव्हाच सांगितलं होतं."

डब्याचं झाकण तिच्या हातात होतं, ते तिने नीट आटे जुळवून लावलं, मग पुन्हा काढलं. त्याच पिपातलं, टाकाऊ तेलापासून तिने बनवलेलं साठ लिटर इंधन मुन्सिफ काल फेरीबोटीने केर्केना बेटावर घेऊन गेला होता, वीस वीस लिटरचे तीन कॅन, आणि आज पहाटे ते आपल्या होडीच्या टाकीत ओतून समुद्रात गेला होता. मुन्सिफ तिचा धाकटा भाऊ. धाकटा म्हणजे एकोणपन्नासचा. एकटाच जातो. उथळ समुद्रात खजुराच्या झावळ्यांचं लांबलचक कुंपण रोवलेलं असतं, त्याच्या टोकाच्या सापळ्यांतले मासे काढायचे आणि दुपारच्या नमाजाला परत यायचं. पण परत यायला इंजिन चालावं लागतं. ओहोटीचं पाणी खाडीबाहेर ओढून नेतं, आणि रेडिओवर सकाळीच सांगितलं होतं की दुपारनंतर वारा जमिनीकडून समुद्राकडे वळेल.

फोन लावला तर तो रेंजबाहेर. मग तिने त्याच्या बायकोला लावला. झोहराही तिला मुन्सिफसारखंच लल्ला म्हणायची, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. ती म्हणाली, "ते पहाटेच गेले, लल्ला. खुशीत गेले. म्हणाले, आज बहिणीच्या तेलावर जातोय, पंपावाल्याच्या उपकारावर नाही. का, काय झालं?" काही नाही, रफीका म्हणाली, आला की फोन करायला सांग. "तुमचा आवाज असा का येतोय?" ऑलिव्हचं पाणी डोळ्यात गेलं, रफीका म्हणाली. झोहराला ते पटलं नाही, पण थोरल्या नणंदेला उलट विचारायची तिच्याकडे पद्धत नव्हती, आणि त्या पद्धतीचे रफीकाने आयुष्यात पहिल्यांदा मनापासून आभार मानले.

मीठ तेलात विरघळत नाही. हे तिला माहीत होतं, हे शाळेतल्या मुलीलाही माहीत असतं, आणि तीस वर्षं तंत्रविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पोरांच्या नळ्या धुवून घेतल्यावर तर ते हाडात भिनलेलं असतं. पण मीठ पाण्यात विरघळतं, आणि इंधनात पाण्याचा एखादा थेंब दडून राहतो, आणि तो थेंब इंजिनाच्या पंपाशी जाऊन बसला की जिथे केसाएवढंही काही मावत नाही तिथे मावतो, आणि पंप गंजून अडकतो. म्हणून तर शेवटी इंधन पाण्याने धुवायचं असतं, तापवून कोरडं करायचं असतं, आणि मगच कॅनात भरायचं असतं. आधीच्या प्रत्येक घाण्याला तिने तसं केलं होतं. या घाण्याला केलं नव्हतं. तापवून, तेलाचं इंधन करायला घातलेलं उरलंसुरलं मिथेनॉल तेवढं उडवलं, पण धुतलं नाही. का, तर ते इतकं सुंदर उतरलं होतं. मंगळवारी सकाळी तिने पिपाच्या काचेच्या पट्टीतून पाहिलं, तर खाली काळपट ग्लिसरीन, वर कोवळ्या मधासारखं इंधन, आणि मधली ती घाणेरडी पांढरट साय, जिने दोन महिने तिचा जीव खाल्ला होता, ती जवळजवळ नाहीच. ती बराच वेळ नुसती बघत उभी राहिली होती. इतकं निर्मळ आहे तर धुवायचं कशाला, असं तिला वाटलं होतं. तिला. बाबांना नाही.

हा विचार तिला आवडला नाही, म्हणून ती अंगण ओलांडून कारखान्यात गेली. कारखाना म्हणजे बाबांचं जुनं साबणघर. कमानीचं छत, भिंतींत साठ वर्षांचा हिरव्या साबणाचा वास मुरलेला. चुना दोनदा दिला तरी तो वास चुन्यातून बाहेर येतो. मधोमध जिथे साबणाची भलीमोठी कढई होती तिथे आता तिची तीन पिपं. तेलाच्या गिरणीतल्या चोथ्याचं आंबट तेल, जे कुणी खात नाही, आणि भजीवाल्यांचं जळून काळं झालेलं, ही दोन्ही इथे येतात. पहिल्या वर्षी तिने पुस्तकात दिलं होतं तसं कॉस्टिक घालून बघितलं. आंबट तेलात कॉस्टिक घातलं की काय होतं हे तिला माहीत नव्हतं असं नाही, पण प्रमाण सांभाळलं की निभावेल असं वाटलं होतं. तासाभरात पिपात साबण. चमचा उभा राहील असा घट्ट. बाबा दारात येऊन उभे राहिले, बोट घालून पाहिलं, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. "बारा वर्षं शाळा, चार वर्षं राजधानीत, आणि शेवटी साबणच केलास ना? अगं, मग गेलीस कशाला? मी इथेच शिकवला असता." त्या रात्री ती जेवली नव्हती. पन्नाशी उलटलेली बाई, आणि रुसून उपाशी झोपली होती.

मग तिने एन्झाइम धरलं. प्रयोगशाळेत एका बुरशीपासून काढलेलं, तपकिरी पाण्यासारखं, बरणीभर. ते आंबट तेलाला भीत नाही, साबण होऊ देत नाही, पण त्याचे नखरे फार. अंगाला सोसेल एवढीच ऊब हवी. घाई नको. मिथेनॉल एकदम ओतलं तर ते त्यातच मरतं, म्हणून दर दोन तासांनी थोडं थोडं घालायचं, दीड दिवस. झोहरा त्याला विरजण म्हणायची. बाबा किडे म्हणायचे. "किडे नाहीत ते बाबा. जिवंत नसतं ते." "जिवंत नाही?" "नाही." "काल तर म्हणालीस, मेलं." यावर तिच्याकडे उत्तर होतं, अर्ध्या तासाचं होतं, पण बाबा तेवढ्यात हात पुसत निघून गेले होते. जिवंत नसून मरणारं काहीतरी त्यांच्या साबणघरात पोरगी ऊबेला ठेवते, दर दोन तासांनी उठून पाजते, याची त्यांना मजा वाटत असावी. त्यांचं विरजण म्हणजे आग. उकळी, कॉस्टिक, मीठ, पुन्हा उकळी. आणि शेवटी जीभ.

ती जीभ. रफीका बारा वर्षांची होती तेव्हाची ती दुपार तिला हवी तेव्हा आठवत नाही, नको तेव्हा हटकून आठवते. वर्गातली एक मुलगी, सुआद, वकिलाची, तिच्याबरोबर पहिल्यांदाच घरी आली होती. रफीकाने शाळेत सांगून ठेवलं होतं की बाबा तेलाचे व्यापारी आहेत. दोघी अंगणात आल्या आणि साबणघराचं दार उघडं होतं. बाबा कढईपाशी घामाने निथळत उभे, त्यांनी लाकडी उलथण्याच्या टोकावरचा गरम साबण बोटाने निपटून जिभेवर ठेवला, डोळे मिटले, आणि मग भिंतीकडे वळून थुंकले. जीभ चावली तर कॉस्टिक जास्त. चावली नाही, नुसती मऊ लागली, तर साबण झाला. शहरातले सगळे साबणवाले असंच करायचे, त्यात काही वावगं नव्हतं. सुआद म्हणाली, "तुझे बाबा साबण खातात?" वाईटपणाने नाही, खरंच विचारलं तिने. रफीका म्हणाली, "ते आमचे बाबा नाहीत, कामगार आहेत." बाबांनी ऐकलं की नाही हे तिला आजवर कळलं नाही. ते तिच्याकडे बघून हसले, आणि सुआदला म्हणाले, "या बाई, आत सावलीत बसा. मालकीणबाई, पाहुणीला सरबत द्या." मालकीणबाई! पुढे कितीतरी वर्षं ते तिला लाडाने मालकीणबाई म्हणत राहिले, आणि प्रत्येक वेळी तिला वाटायचं, ऐकलं होतं. मग वाटायचं, नाही, उगीच. वाटणं काही थांबलं नाही.

फळीवर प्रत्येक घाण्याची एकेक बाटली ठेवलेली होती, ही तिची नोकरीतली सवय. या घाण्याची, म्हणजे विसाव्या घाण्याची, बाटली तिने उजेडात धरली. निर्मळ. मीठ आहे का हे बघायला फार लागत नाही. इंधन ऊर्ध्वपातित पाण्याबरोबर खळखळून हलवायचं, मीठ असेल तर ते पाण्यात उतरतं, मग त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. दुधासारखं झालं तर मीठ. तिने बाटली हलवली, पाणी खाली बसू दिलं, नळीत काढलं. हाताला सवय होती म्हणून हात चालत होते. सिल्व्हर नायट्रेटची कुपी खणात होती, पण खणाची फट दोन वर्षं उन्हाकडे होती, आणि कुपीच्या तळाशी काळा गाळ साचला होता. तिने तरी थेंब टाकून पाहिले. पाणी करडं झालं. याचा अर्थ काहीही होऊ शकत होता. ती स्टुलावर बसली. घड्याळात साडेदहा. मुन्सिफ आता सापळ्यांपाशी असेल, इंजिन बंद करून. म्हणजे ते बंद झालंय की त्याने बंद केलंय हे त्यालाही आत्ता माहीत नसेल. किल्ली फिरवेल तेव्हा कळेल. लहानपणी तो विहिरीत पडला होता, तेव्हाही त्याने आरडाओरडा केला नव्हता. आतून शांतपणे म्हणाला होता, "लल्ला, पाणी गार आहे." तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि दोर तिच्या हातात होता. तो दोर सुटला नव्हता. आज सुटला असेल तर?

बाबा केव्हा आत आले तिला कळलं नाही. हाताला ऑलिव्हचा हिरवा रस, दगड अजून मुठीत.

"काय, बिघडवलं का मी?"

"मुन्सिफ तेच घेऊन गेलाय."

"ते मला ठाऊक आहे. मीच कॅन उचलून दिले. बिघडलंय का म्हणून विचारतोय."

"माहीत नाही." मग तिच्या तोंडून निघून गेलं, "विचारायचं तरी बाबा. एकदा विचारायचं. हा साबण नाही. हे इंजिनात जातं. यात मीठ गेलं तर तिकडे..."

बाबांनी दगड हलकेच पिपाच्या कडेवर ठेवला. त्यांनी नळीकडे पाहिलं, करड्या पाण्याकडे. "हे काय काढलंयस?"

"तेलातलं मीठ पाण्यात उतरतं. औषध खराब झालंय, त्यामुळे कळत नाही."

"मीठ असेल तर या पाण्यात असेल?"

"हो. पण यात औषध पडलंय, याला हात लावू नका."

"मग दुसरं काढ."

तिला पुढचं कळलं आणि तिने नको म्हणायला तोंड उघडलं. पण नको म्हणून करणार काय होती? तिने दुसऱ्या स्वच्छ बाटलीत इंधन घेतलं, पाणी घातलं, हलवलं, थांबली. तेल वर आलं, पाणी खाली बसलं. तळाचं पाणी तिने चमच्यात काढून दिलं. बाबांनी चमचा नाकाशी नेला, मग करंगळीचं टोक बुडवून जिभेवर ठेवलं. डोळे मिटले. चाळीस वर्षांत तो चेहरा जरासुद्धा बदलला नव्हता, फक्त त्याच्याभोवतीची कातडी सैल झाली होती. तिला वाटलं, सुआद असती तर आज मी तिला हाताला धरून पुढे आणलं असतं आणि सांगितलं असतं, बघ. बाबा भिंतीकडे वळून थुंकले.

"गोडं," ते म्हणाले. "विहिरीच्या पाण्याला याहून जास्त मीठ आहे. भज्याचा वास तेवढा येतो."

"नक्की?"

"पोरी, या जिभेला बायकोच्या रश्श्यातलं मीठ कधी कळलं नाही असं तुझी आई म्हणायची. ते खोटं होतं. कळायचं, बोलत नव्हतो."

ती हसली. हसू आलं म्हणजे जीव भांड्यात पडला असं नाही, पण भांडं दिसायला लागलं. जिभेला न कळण्याइतकंही मीठ इंजिनाला पुरतं हे तिला माहीत होतं, आणि तरीही आतली मूठ सैल होत होती, आणि तिला ते आवडत होतं. आता मन पुस्तकाच्या बाजूलाही धावायला लागलं. मीठ खालच्या पाण्यात आणि ग्लिसरिनात गेलं असणार. त्याला तिथेच ओढ. जाताना त्याने मधल्या सायीतलं पाणीही खेचून नेलं असणार, म्हणून साय फुटली. म्हणून, इथे येऊन ती थबकली. म्हणून ते इतकं निर्मळ उतरलं. तिने वहीत काय लिहिलं होतं? शेवटच्या दोन तासांत ढवळणं निम्म्यावर आणलं, थर स्वच्छ वेगळे. खाली दोन रेघा. मंगळवारी तिने झोहराला फोनवर सांगितलं होतं, शेवटी जमलं मला, ढवळणं जास्त होत होतं इतके दिवस. मला जमलं.

तिला वाटलं होतं आपल्याला वाईट वाटेल. वाईट वाटायची ती वाट पाहत राहिली, स्टुलावर बसून. बाबा दाराशी उन्हात जाऊन उभे होते, जीभ चुळा भरून धूत होते, अंगणात गुळण्या टाकत होते. वाईट काही येईना. त्याच्याऐवजी खांद्यांतून काहीतरी उतरल्यासारखं झालं. आपलं एकटीचं आहे असं समजून जे बारा वर्षांच्या वयापासून उचलून धरलेलं होतं, ते खाली ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं, पण ठेवलं तरी चालतंय असं आज दिसलं.

फोन साडेबाराला वाजला. झोहराचा असेल म्हणून तिने बघितलं तर मुन्सिफचा. मागे इंजिनाचा धडधडाट आणि वारा.

"लल्ला? रेंजमध्ये आलो आत्ता. काय झालं? झोहराचे सतरा निरोप आलेत."

"इंजिन?"

"चालू आहे म्हणून तर ओरडून बोलतोय. काय?"

"फिल्टर? धूर? दचके देत होतं का?"

"कसले दचके. लोण्यासारखं चाललंय. धूर नाही, काही नाही. फक्त मागे सगळी होडी भजीवाल्याच्या दुकानासारखी दरवळतेय. शेजारचा हातेम मघाशी होडी जवळ आणून विचारत होता, काय तळतोयस, मलाही दे. दोन पोती भरून मासे मिळाले, बाबांसाठी मोठा बोय बाजूला ठेवलाय. लल्ला, ऐकतेयस ना?"

ती ऐकत होती. तिचा हात पिपाच्या कडेवर होता, बाबांच्या दगडाशेजारी, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, या वेळी ऑलिव्हचा काही संबंध नसताना. बरं वाटत होतं. इतकं बरं वाटत होतं की ते कुठे ठेवावं हे तिला कळेना.

"हे मागच्या वेळेपेक्षा चांगलं आहे," मुन्सिफ ओरडला. "या वेळी काय घातलंस त्यात?"

बाबा दारातून आत आले होते. टॉवेलने तोंड पुसत होते. फोनवरचं ओरडणं त्यांना ऐकू जात होतं, कारण मुन्सिफचं ओरडणं घरभर ऐकू जातं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. दगड उचलला आणि परत ठेचायला निघाले.

"मीठ," ती म्हणाली. "मी नाही घातलं. बाबांनी."

मग मुन्सिफ हसायला लागला, आणि बराच वेळ हसत राहिला, आणि बाबांनी दारात पाठमोरं थांबून, न वळता, मान जराशी डोलावली. बारा वर्षांच्या मुलीने जे म्हटलं होतं ते त्यांनी ऐकलं होतं की नाही, हे तिने आता विचारलं असतं तरी चाललं असतं. तिने विचारलं नाही.

जेवणं झाल्यावर तिने कारखान्यातला काटा स्वयंपाकघरात आणला, वर स्वच्छ ताटली ठेवली, मिठाचा डबा उघडला आणि वही काढली. दोन रेघा ओढलेल्या ढवळण्याच्या ओळीवर काट मारली.

"हे काय आता?" बाबा म्हणाले.

"किती टाकलंत ते लिहायचंय. पुढच्या घाण्याला लागेल."

"सांगितलं ना, तीन मुठी."

"मूठ म्हणजे किती?"

"मूठ म्हणजे मूठ." ते कुरकुरले, पण हात पुढे केला. त्या हाताने सकाळी चहा सांडला होता. डब्यात गेला, मूठ मिटली, वर आला, ताटलीवर उघडला. एकाहत्तर ग्रॅम. तिने मीठ परत डब्यात ओतलं. "पुन्हा." सत्तर. ती काट्याकडे पाहत राहिली. तीस वर्षांत तिच्या हाताखालून दोन हजार पोरं गेली असतील, चिमटे, चमचे, काचेच्या बशा घेऊन, घाम पुसत.

"अजून एकदा, बाबा."

"मालकीणबाईंचा विश्वास नाही," ते म्हणाले आणि तिसरी मूठ उघडली.

एकाहत्तर. तिने वहीत विसाव्या घाण्यापुढे लिहिलं: मीठ, बाबांच्या तीन मुठी. ग्रॅम लिहायला कंसाची जागा मोकळी ठेवली होती, तिथे आकडा भरावा की नाही याचा ती क्षणभर विचार करत बसली, आणि मग बाबांनी विचारलं, ऑलिव्हला उरलं का काही, का तेही इंजिनातच घालणार.